एका ‘फाईन’ला दोन तास

‘फाईन’ या एका इंग्रजी शब्दावर मी शिकवणीत दोन तास का घेते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजवर प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं. कधी विषय बदलला, कधी ‘मुलांचा शब्दसंग्रह वाढतो’ असं काहीतरी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण खरं उत्तरही नव्हतं.

विचारणारे पुष्कळ आहेत. लग्नाच्या पंगतीत जुने विद्यार्थी विचारतात, इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात खरेदीला गेले की त्यांच्या आया विचारतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ फी भरायला आले. पावती खिशात घातली आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, राग नका मानू. पण पोरगी सांगत होती, तुम्ही ‘फाईन’ या एका शब्दावर दोन तास घेतले म्हणून. बारावीचं वर्ष आहे. परीक्षेत याचा अर्धा मार्क तरी येतो का?” मी म्हटलं, “नाही येत.” ते थोडा वेळ थांबले. मी पुढे काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी बोलले नाही आणि ते गेले. नंतर मला वाईट वाटलं, कारण त्यांचा प्रश्न रास्त होता.

आधी त्यांच्या काळजीचं बोलते. पंचवीस वर्षं मी महाल भागात इंग्रजीची शिकवणी घेते आहे. एकाही वर्षी पुस्तक अर्धवट राहिलेलं नाही. डिसेंबरात धडे संपतात, जानेवारीत उजळणी होते. हे दोन तास मी रविवारी घेते आणि त्यांचे पैसे घेत नाही. मी मुलांचा वेळ खाते असं कुणी म्हणू नये. दुसरं, ‘मॅडम आय ऍम फाईन म्हणू देत नाहीत’ असं जे पसरलं आहे, तेही तसं नाही. म्हणू देते. फक्त विचारते, “कोणतं फाईन?” मुलांना सुरुवातीला ते विचित्र वाटतं. मग हळूहळू ती स्वतःच एकमेकांना विचारायला लागतात.

त्या दोन तासांत काय होतं, तेही सांगते. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, ‘फिनिस’. फिनिस म्हणजे शेवट, हद्द, शेताचा बांध. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ यातूनच आले, हे मुलं चटकन ओळखतात. मग कुणीतरी हात वर करतं: शेवट म्हणजे चांगलं कसं, मॅडम? या प्रश्नाची मी वर्षभर वाट पाहते. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला कुठल्याही कोशात मिळालं नाही, इतवारीच्या सराफ्यातल्या एका मुलाकडून मिळालं. तो म्हणाला, “आमच्याकडे फाईन म्हणजे चोख सोनं. दागिना बावीस कॅरेटचा असला तरी कारागिराशी हिशोब फाईनमध्ये होतो.” चोवीस भागांतले बावीस, म्हणजे हजारात ९१६. शंभर ग्रॅमच्या दागिन्यात फाईन साधारण ९१.६ ग्रॅम. सोनं गाळत गाळत अशा टोकाला न्यायचं की आता त्यातून काढून टाकण्यासारखं काही उरलं नाही. तिथे सोन्याचा शेवट नाही, भेसळीचा शेवट आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तो याच अंगानं: शेवटास नेलेलं, म्हणून उत्तम. आपला ‘सिद्ध’ शब्द याच वाटेनं गेला. सिद्ध म्हणजे पूर्ण झालेलं, आणि जे पूर्ण झालं ते तयार, ते श्रेष्ठ.

आणि ज्यावर शेवटापर्यंत काम झालं, ते सहसा बारीक होतं. सूत बारीक, पीठ बारीक, सुईचं टोक बारीक. कोराडीकडून येणारी एक मुलगी होती. तिनं सांगितलं, त्यांच्याकडे वीज केंद्राच्या राखेवरून बोलताना सगळे ‘फाईन डस्ट’ म्हणतात. शास्त्रात अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना फाईन म्हणतात, नाकातून थेट फुप्फुसात खोलवर जाणारे. शब्द तोच, आणि त्यात उत्तम असं काहीही नाही.

दंडाचा ‘फाईन’ मुलांना वेगळा शब्द वाटतो. मलाही वाटायचा. पण तोही फिनिसच. इंग्लंडमध्ये जमिनीचा दावा तडजोडीनं मिटला की ‘ही अखेरची तडजोड’ अशा शब्दांनी सुरू होणारा लेख लिहीत. त्याला फाईन म्हणत. ११९५ पासून तो एकाच कातडी कागदावर तीनदा लिहायची पद्धत पडली. मग नागमोडी रेषेत कापून दोन तुकडे दोन पक्षांना द्यायचे आणि तळचा तिसरा सरकारी खजिन्यात ठेवायचा. उद्या कुणी खोटा कागद आणला तर कापलेल्या कडा जुळतात का ते पाहायचं. १८३३ मध्ये कायद्यानं ही पद्धत बंद केली, तोवर सहाशेहून अधिक वर्षं ती चालली. भांडण संपवायचं तर काही रक्कम मोजावी लागे. संपवण्यासाठी दिलेला तो पैसा फाईन, आणि पुढे शिक्षा म्हणून भरायचा दंडही फाईन. ‘फायनान्स’सुद्धा इथलाच, कर्ज फेडून हिशोब संपवणं. ‘डिफाईन’ म्हणजे अर्थाला बांध घालणं. हा शेवटचा मला फार आवडतो. फळ्यावर मी शेताचा चौकोन काढते आणि चारी बाजूंना बांध घालते.

हे सगळं मी आज सांगू शकते. १९९४ साली यातलं काहीही मला माहीत नव्हतं. एवढं सांगून थांबले असते तर तुमचं समाधान झालं असतं का? पंचवीस वर्षं बहुतेकांचं झालं. पण त्या गृहस्थांना मी गप्प राहून परत पाठवलं, ते काही मनातून जात नाही.

माझे बाबा गिरणीत होते, सूत कातायच्या खात्यात. आजोबांचा माग होता तांडापेठेत. बाबांचं इंग्रजी वीस-पंचवीस शब्दांचं, सगळे गिरणीतले. त्यात ‘फाईन’ होता, आणि माझ्याआधी कितीतरी वर्षं तो त्यांच्याकडे होता. संध्याकाळी सायकल भिंतीला लावताना ते म्हणत, “आज फाईन लागला.” म्हणजे उशीर झाला, किंवा काही नासलं, आणि पगारातून पैसे कापले जाणार. कायद्यानं पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त फाईन कापता येत नसे, आणि कापण्याआधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात तसं लिहिलेलं होतं. मी ते पुढे वाचलं. बाबांना कलम माहीत नव्हतं, रक्कम माहीत होती. आई तेवढ्यावरून महिन्याचा किराणा कमी-जास्त करायची.

त्यांच्याकडे दुसराही एक फाईन होता, ‘फाईन काऊंट’. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, तो सुताचा काऊंट. जितक्या जास्त लडी, तितकं सूत बारीक. आकडा चढला की सूत फाईन. बाबा आमच्या अंगावरच्या फ्रॉकचा कपडा चिमटीत धरून सांगायचे, हा चाळीसचा, हा साठचा. बोटांनाच कळायचं त्यांच्या.

माझ्याकडे तिसरा फाईन होता. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० मध्ये आलं. पाचवीत बाई विचारायच्या, हाऊ आर यू, आणि आम्ही चाळीस जणी एका सुरात म्हणायचो, आय ऍम फाईन, थँक यू. चाळिसांतली एकही कधी आजारी नसायची. त्या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बाबांचा फाईन मला अडाणी लोकांचा बिघडलेला शब्द वाटायचा. हे लिहायला मला त्रास होतो, पण तसंच वाटायचं.

१९९४ च्या जुलैत मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी वाङ्मय घेऊन. बाबांनी हे गिरणीत सगळ्यांना सांगितलं होतं. त्या पावसाळ्यात त्यांच्या जबड्याखाली गाठ आली. लिंबाएवढी नव्हे, बोराएवढी. दुखत नव्हती. बाबा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायचे, पाळीवर जाताना एक पुडी आणि येताना एक. आईनं महिनाभर मागे लागून त्यांना दवाखान्यात जायला तयार केलं आणि मला सोबत पाठवलं, कारण मला इंग्रजी येत होतं.

मोठा दवाखाना होता. नाव लिहीत नाही, त्याचा दोष नाही. पाऊस पडत होता, व्हरांडा ओला, लोक भिंतीला टेकून बसलेले. भिंतीवर पाटी होती, थुंकल्यास दंड. आमचा नंबर आला तेव्हा आत आणखी चार पेशंट उभे होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाठ चाचपली, तोंड उघडायला लावलं, गालात टॉर्च टाकला, खर्रा किती वर्षं म्हणून विचारलं. मग केसपेपरवर लिहिता लिहिता माझ्याकडे पाहून म्हणाले, “फाईन नीडल करून घेऊ. सोमवारी सकाळी आणा.” केसपेपर माझ्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.

आम्ही बाहेर आलो. बाबांनी विचारलं, “काय म्हणे?”

मी म्हटलं, “फाईन म्हणे.”

बाबा थबकले. पाटीकडे त्यांची नजर गेली. त्यांनी विचारलं, “किती?”

मला कळायला क्षणभर लागला. बाबांना वाटलं होतं, दंड झाला. खर्रा खाल्ल्याबद्दल, थुंकल्याबद्दल, कशाबद्दल तरी. साहेब फाईन म्हणाला की खिशातून पैसे जातात, एवढं त्यांना अनुभवानं माहीत होतं. आणि मी हसले. मला लाज वाटली, आजूबाजूला माणसं होती, म्हणून मी हसून त्यांना समजावलं, “तसा फाईन नाही बाबा. फाईन म्हणजे चांगलं. सगळं ठीक आहे म्हणतात.”

“मंग सोमवारी काहून बोलावलं?”

“सुई देतील एक.”

“ठीक हाय तं मंग सुई काहून, माय?”

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, “ताकदीची असेल.”

सोमवारी बाबांची सकाळची पाळी होती. खाडा केला असता तर रोज बुडला असता, आणि जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आधीच तोंड वाकडं करून होता. मी सांगितलंच होतं की सगळं ठीक आहे. ताकदीच्या सुईसाठी कोण खाडा करतो? आम्ही गेलो नाही. केसपेपर आईनं पिठाच्या डब्यामागे खोचून ठेवला. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं होती, मध्ये टिंबं देऊन: एफ, एन, ए, सी.

गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि बाबा बारीक दिसायला लागले होते. आई रोज म्हणायची, “बारीक झाले हो तुम्ही.” या वेळी डॉक्टर दुसरे होते. त्यांनी जुना केसपेपर उलगडून पाहिला, तारीख पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आम्हाला आतल्या खोलीत पाठवलं. तिथे एका माणसानं बाबांना टेबलावर निजवलं, मानेखाली उशी दिली आणि ट्रेमधून सुई उचलली. मी दाराशी उभी होते. इंजेक्शनची असते त्याहूनही ती बारीक होती. बाबांची नजर तिच्यावर गेली. अशा वस्तू पाहायची त्यांना सवय होती. त्यांनी त्या माणसाला विचारलं, “काय म्हणते इले?”

तो म्हणाला, “फाईन नीडल. घाबरू नका काका, पाणी ओढून तपासायला पाठवतो फक्त.”

“फाईन,” बाबा म्हणाले. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, सूत चिमटीत धरून पाहायचे तशी. “बारीक. बारीक सुई व्हय.”

आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्यात राग नव्हता. मी तीस वर्षं शोधते आहे, त्यात राग होता का. नव्हता. त्यांना फक्त कळलं होतं. जुलैत मी तो शब्द अर्धा तोडून न सांगता ‘फाईन नीडल’ असा पूर्ण सांगितला असता, तर कुठल्याही कोशाशिवाय त्यांनी तो बरोबर लावला असता. फाईन म्हणजे बारीक, हे त्या घरात त्यांनाच माहीत होतं, मला नाही. मी त्यांच्या दंडाच्या फाईनला हसले, आणि त्यांच्या बारीकच्या फाईनपर्यंत त्यांना पोचू दिलं नाही.

या गोष्टीबद्दल ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. गाठीतल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यात निघालं ते निघालं. केसपेपरवरच्या त्या चार अक्षरांचा अर्थ हाच होता, बारीक सुईनं पेशी ओढून तपासणं. मग रेडिएशनचे शेक झाले. तोंड आतून सोललं, जेवण गेलं, घरात रोज पातळ भाताची पेज. शेजारपाजारचे विचारायचे, आणि आई म्हणायची, “बरं आहे.” तिच्या त्या ‘बरं’चा अर्थ सगळ्यांना कळायचा. पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक चालली होती, लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि आम्ही खिडकी लावून घेतली होती. त्यानंतर आठवड्याच्या आत बाबा गेले. गंगाबाई घाटावर राख सावडायला भावासोबत मीही गेले होते. हाताला लागली ती राख फार बारीक होती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट वेगळी सांगत आले. सांगायची तेव्हा म्हणायची, ओपीडीत गोंगाट होता, मला ‘फाईन’ एवढंच ऐकू आलं. आधी मी त्या तरुण डॉक्टरांवर रागावले होते, दोन वाक्यं मराठीत बोलायला काय जात होतं म्हणून. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि तो सगळा चुकीचा होता असंही मला वाटत नाही. नंतर मी शब्दालाच दोष दिला, एका शब्दाचे इतके अर्थ असले की माणूस फसणारच. शिकवणीच्या पहिल्या काही वर्षांत मी मुलांना हेच सांगत होते. पण मला ‘नीडल’ ऐकू आलं होतं. स्पष्ट ऐकू आलं होतं. नाहीतर सुईचं मी बाबांना कुठून सांगितलं असतं?

मी ऐकलं, आणि दोन शब्द एकमेकांशी जुळले नाहीत, तेव्हा जो कळत होता तो ठेवला आणि दुसरा बाजूला सारला. मागे वळून विचारता आलं असतं, “सर, म्हणजे नेमकं काय करणार?” एवढंच. विचारलं नाही, कारण बाबा शेजारी उभे होते. त्यांच्या मुलीला इंग्रजी येतं म्हणून ते तिला घेऊन आले होते, आणि त्यांच्यासमोर मला कळलं नाही असं मला म्हणायचं नव्हतं.

यावर त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची बाजू घेणारं कुणीतरी माझ्यातच आहे. ते म्हणतं, तिला शिकवलंच तेवढं होतं. पाचवीपासून एकच वाक्य घोकून घेतलं, त्यात फाईनला एकच घर. तिच्यासमोर त्या चार अक्षरांचा अर्थ कुणी उलगडला होता? आणि तिलाही ‘सगळं ठीक आहे’ हेच ऐकायचं होतं, कुठल्या मुलीला नसतं? मी तिला उत्तर देते, ठीक आहे, पण हसलीस का? तिथे ती गप्प होते. मग मीच पुन्हा तिची बाजू घेते.

भाऊ म्हणतो, मी उगाच ओझं वाहते. त्याचं म्हणणं, बाबा तेव्हाही गेले नसते. पाळी सोडून ते कशासाठी कधी गेले? गाठीला फाईन म्हटलं काय आणि आणखी काही म्हटलं काय, सोमवारी ते गिरणीतच असते. असेलही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, जुलैत आलो असतो तर? ते म्हणाले, “मी नाही सांगू शकत.” ते प्रामाणिक होते. ‘काही फरक पडला नसता’ असं त्यांनी म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी तसं म्हटलं नाही. ‘वाचले असते’ असंही म्हटलं नाही.

एमएला आम्हाला हॅम्लेट होतं. नागपूर विद्यापीठाच्या नावात तेव्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव यायचं होतं. पाचव्या अंकात स्मशानाचा प्रवेश आहे. हॅम्लेट एक कवटी पाहून म्हणतो, ही एखाद्या वकिलाची कशावरून नसेल? आणि मग एकाच वाक्यात चार वेळा ‘फाईन’ येतो. त्याच्या साऱ्या फाईनांचा फाईन हाच का, की त्याच्या फाईन डोक्यात फाईन माती भरावी? सर शांतपणे उलगडत होते: एक शेवट, एक जमिनीचे ते तडजोडीचे लेख, एक देखणं, एक बारीक. साधारण १६०० सालच्या सुमाराचं नाटक. मी वही बंद केली आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. चारशे वर्षांपासून हे लिहून ठेवलेलं होतं. एका शब्दात शेवट, दंड ज्यातून आला ती तडजोड, चांगलं आणि बारीक, चारही, एका मेलेल्या माणसाच्या डोक्याशी. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागले. रडण्यापेक्षा कोश उघडणं मला सोपं वाटलं, हेही खरं. भाऊ याला पळवाट म्हणतो. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

पण एक गोष्ट मला पक्की वाटते, आणि ती मी मुलांना सांगितल्याशिवाय राहणार नाही. आपल्या ‘बरं’चेही कितीतरी अर्थ आहेत. ताप उतरला की माणूस बरा होतो, होकार द्यायचा तरी बरं, गोष्ट पुढे न्यायची तरी बरं, आणि कुणाचं बरंवाईट झालं म्हटलं की आपण हातातलं काम सोडून धावतो. यात कुणी फसत नाही, कारण ‘बरं’ आपल्याला अख्खं मिळालं, आईच्या तोंडून, सगळ्या सुरांसकट. फाईन आपल्याला तुकड्यातुकड्यांनी मिळाला. सराफ्यात चोख सोन्याचा तुकडा आला, चौकात वाहतूक पोलिसाकडून दंडाचा. गिरणीत दोन तुकडे आले. दवाखान्यात सुईचा आला, शाळेत थँक यूचा. प्रत्येकाला वाटतं, आपल्याजवळ आहे तोच शब्द. शेजारच्याकडे याच शब्दाचा दुसरा तुकडा आहे, हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि ज्याच्याकडे शाळेतला तुकडा असतो, तो बाकीच्यांना हसतो.

म्हणून दोन तास. पहिल्या तासाला मी काहीच शिकवत नाही. मुलांना विचारते, तुमच्या घरी, दुकानात, कामावर कोण फाईन म्हणतं आणि त्याचा अर्थ काय. आठवडाभर आधी सांगून ठेवते, घरी विचारून या. पोरं आजोबांना विचारून येतात, ऑटो चालवणाऱ्या काकांना विचारून येतात. एकदा एक मुलगा क्रिकेटचा फाईन लेग घेऊन आला आणि तो कुठे उभा राहतो हे सांगता सांगता अर्धा तास गेला. तो वाया गेला असं मला वाटत नाही. घरून आणलेल्या कुठल्याही अर्थाला वर्गात हसायचं नाही, एवढा एकच नियम आहे, आणि तो मी कडक पाळते. कुणी हसलं तर मी आवाज चढवते, हे तुमच्या मुलांनी तुम्हाला सांगितलं असेलच. दुसऱ्या तासाला मी फिनिसपासून सुरुवात करते.

बाबांची गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही. सतरा वर्षांच्या मुलांवर ती टाकावी का, हे मला अजून ठरवता येत नाही. इथे सांगते आहे, कारण तुम्ही मोठी माणसं आहात आणि तुम्ही विचारलंत.

दारात उभं राहून विचारणाऱ्या त्या गृहस्थांना एक निरोप. तुमच्या मुलीनं त्या रविवारी तुमच्याकडून आणलेला अर्थ वर्गात सांगितला होता. तुम्ही पिठाची चक्की चालवता, आणि गिऱ्हाईक ‘फाईन’ म्हणालं की तुम्ही दगड किती आवळता, ते तिनं हातानं फिरवून दाखवलं. पुढच्या वर्षीची तुकडी जूनमध्ये सुरू होईल. त्यातल्या पहिल्या रविवारी तुम्ही स्वतः याल का? सकाळी नऊला. चक्की तेवढा वेळ बंद ठेवावी लागेल, त्याची मला कल्पना आहे.